धूर कधी येतो, ते आधी सांगा

गॅरेजातून : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं धुराची आहेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, कारण त्यात सांगितलेली गोष्ट मी गेली तीस-पस्तीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात जवळजवळ दर आठवड्याला बघतोय आणि दर वेळी जीव हळहळतो.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरची. एक लाख बारा हजार किलोमीटर झालेत. यजमानांनी घेतलेली गाडी. ते गेल्यापासून मीच चालवते. महिन्याला सात-आठशे किलोमीटर होतात, त्यात कोल्हापूरला लेकीकडे एक फेरी असते, फोंडा घाटाने. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी गाडी चालू केली की निळसर धूर येतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. घाट उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला की मागे धुराचा लोट उठतो, असं मोटारसायकलवरून मागे येणाऱ्या भाच्याने सांगितलं. घाट चढताना मात्र दिसत नाही. महिन्याला अर्धा लिटर ऑइल घालावं लागतं. एका गॅरेजवाल्याने उभ्या उभ्या बघून ‘बोर गेलाय, हाफ इंजिन करा’ (म्हणजे पिस्टन-रिंगांचं काम) म्हणून बावीस हजार सांगितले. दुसरा म्हणाला, भंगारात काढा. काय करू? — एक निवृत्त शिक्षिका, कणकवली

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : घाट चढताना दिसत नाही. बोर (सिलिंडरचं भोक) आणि रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेलेलं इंजिन तुमच्या घाटात, दाजीपूरच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये धूर मारल्याशिवाय राहत नाही. कारण तिथे सिलिंडरात दाब सगळ्यात जास्त असतो. तो दाब झिजलेल्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलच्या टाकीत घुसतो आणि रिंगा भिंतीवरचं ऑइल नीट खरवडू शकत नाहीत. तुमची गाडी चढाला स्वच्छ आणि उताराला धूर मारणारी आहे. त्यामुळे पहिला संशय मी इंजिनाच्या पोटावर घेत नाही, डोक्यावर घेतो. म्हणजे व्हॉल्व्हचे सील आणि गाईड.

हे कसं होतं ते सांगतो, म्हणजे कुठल्याही गॅरेजात तुम्हाला तोंडाने बोलता येईल.

तुमच्या इंजिनात तीन सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह : एक पेट्रोल-हवा आत घेणारा (इनटेक), एक जळलेला धूर बाहेर सोडणारा (एक्झॉस्ट). असे सहा. व्हॉल्व्हची दांडी एका नळीतून वरखाली सरकते, ती नळी म्हणजे गाईड. गाईडच्या वरच्या तोंडावर रबराची छोटी टोपी असते, तो सील. टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, सगळीकडे ऑइल उडत असतं आणि दांडीला थोडं लागतंही, नाहीतर ती घासून अडकेल. सीलचं काम एवढंच की दांडीला लागेल तेवढंच ऑइल खाली जाऊ द्यायचं, धार नाही.

आता घाट उतरताना बघा. तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या जोरावर उतरतेय. पिस्टन हवा ओढतोय, पण कार्ब्युरेटरची झडप मिटलेली आहे. लहानपणी पेला तोंडाला लावून आतली हवा ओढली की तो ओठांना घट्ट चिकटायचा, आठवतं? तीच ओढ इनटेकच्या बाजूला तयार होते. सीलचं ओठ झिजलेलं असेल तर वरचं ऑइल त्या ओढीने दांडीवरून खाली शोषलं जातं. पाचसात किलोमीटर उतार असा गेला की बरंच ऑइल साठतं. खाली आल्यावर पाय दिला की ते एकदम जळतं, आणि तोच तुमच्या भाच्याने पाहिलेला लोट.

सकाळचा धूर जरा वेगळा. गाडी रात्रभर उभी असते तेव्हा ओढ नसते, ऑइल नुसतं स्वतःच्या वजनाने ठिपकत उतरतं. इंजिन बंद होताना कुठला ना कुठला व्हॉल्व्ह उघडा राहतोच. त्यातून ते सिलिंडरात उतरतं किंवा व्हॉल्व्हच्या पाठीवर साचतं. एक्झॉस्टच्या बाजूला गळलेलं तर सरळ सायलेन्सरच्या वाटेत बसतं आणि सकाळी लोखंड तापलं की जळून जातं. साचलेलं संपलं की धूर संपला, म्हणून तुमचा धूर अर्ध्या मिनिटात थांबतो. रिंगांचा धूर इतक्या शिस्तीत थांबत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रिंगा गेलेल्या इंजिनातसुद्धा उताराची ओढ खालून ऑइल खेचू शकते. म्हणून एकट्या घाटाच्या पुराव्यावर मी कुणालाच निकाल देत नाही. पुढच्या तपासण्या करा. पहिल्या तीन तुमच्या अंगणात होतील.

इंजिन गरम झाल्यावर गाडी दहा मिनिटं नुसती आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू ठेवा आणि मग भाच्याला मागे उभं करून एकदा ॲक्सिलरेटर दाबा. पहिल्या दाबाला निळा भपकारा आणि दुसऱ्या-तिसऱ्याला काही नाही, असं झालं तर सील. दर दाबाला सारखाच धूर येत राहिला तर संशय खाली सरकवा. धुराचा रंग उन्हात बघा, सावलीत फसगत होते. निळा म्हणजे ऑइल, काळा म्हणजे पेट्रोल जास्त. आणि गाडी पुरती तापल्यावरही दाट पांढरी वाफ चालू राहिली तर सिलिंडरात पाणी येतंय; ते दुखणं निराळं.

मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण हळूच काढा. थोडी वाफ सगळ्याच जुन्या इंजिनांतून येते, तिला घाबरू नका. पण आगगाडीसारख्या धापा टाकत धूर यायला लागला तर आम्ही म्हणतो इंजिन ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. म्हणजे वरचा दाब रिंगा ओलांडून खाली येतोय.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. टॅपेट कव्हरवरून निघणारा रबरी पाइप काढून बघा. इंजिनाच्या पोटातला दाब याच वाटेने बाहेर पडतो. तो पाइप किंवा त्यातला छोटा व्हॉल्व्ह काळ्या चिखलाने बुजला की दाब कोंडतो आणि मिळेल त्या फटीतून ऑइल ढकलतो. सील चांगले असले तरी गाडी ऑइल खाते. केरोसिनने धुतलेल्या पाइपवर मिटलेली ‘हाफ इंजिन’ची दुखणी मी स्वतः पाहिली आहेत. एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचलेलं दिसलं तर आधी इथे बघा.

एवढं झाल्यावर गॅरेजात जा आणि सांगा : तिन्ही प्लग काढून ओळीने ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते कळू द्या. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आहे. काळा, ओला, चमकणारा असेल तर ऑइल. तिन्ही सारखे ओले असतील तर दुखणं सार्वत्रिक आहे. एकच ओला असेल तर त्या सिलिंडरचा सील फाटलाय किंवा गाईडवरून निसटलाय.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर सुटी, बॅटरी भरलेली आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ही शेवटची अट मोडली की आकडे खोटे येतात, कारण आत हवाच जात नाही. प्रत्येक सिलिंडरला गेज लावून पाचसहा फेरे सेल्फ मारायचा आणि आकडा कागदावर लिहून घ्यायचा. त्यानंतर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. पहिल्या खेपेला आकडा कमी होता आणि ऑइल टाकल्यावर झपकन वर गेला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती बुजवली. ऑइल टाकूनही आकडा पडलेलाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट (हेड म्हणजे इंजिनाचं डोकं, ते आणि पोट यांच्यामधली पातळ पट्टी) गेलंय. तिन्ही आकडे चांगले, एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आणि ऑइलने फारसे न हलणारे असतील, तर तुमचं पोट ठणठणीत आहे.

इथेच पुष्कळ लोक चुकतात. कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे सील चांगले, असं समजतात. सीलचा कॉम्प्रेशनशी काही संबंध नाही. दाब धरतात ते व्हॉल्व्हची बैठक आणि रिंगा. सील बाहेरच्या बाजूला बसून फक्त ऑइल अडवतो. सहाच्या सहा सील दगड झालेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन नव्यासारखं येऊ शकतं. म्हणून उत्तम कॉम्प्रेशन, बॅक कॉम्प्रेशन नाही, पाइप मोकळा आणि तरी निळा धूर, हे सगळं जुळलं की मी सीलवर बोट ठेवतो.

कुणाकडे व्हॅक्यूम गेज (इनटेकची ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारं) असेल तर आणखी एक साक्ष मिळते. समुद्रसपाटीला निरोगी इंजिनाची सुई आयडलवर १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर उभी राहते. उंचीवर दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा धरायचा. कोल्हापुरात माझ्याकडे दोनेक इंच कमीच दिसतात, तुमच्या कणकवलीत तेवढे वजा करायला नकोत. सुई आयडलवर भराभर थरथरत असेल आणि इंजिन वाढवल्यावर स्थिर होत असेल तर गाईड झिजलेत.

आता काम कसं करून घ्यायचं ते. या इंजिनात सीलपर्यंत पोचायला व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आणि त्यांचे शाफ्ट सोडवावे लागतात, म्हणून आमच्याकडे बहुतेक जण सरळ हेडच उतरवतात. माझंही मत तेच. जागेवर सील बदलायच्या युक्त्या आहेत. प्लगच्या भोकातून सिलिंडरात हवा भरायची किंवा सुती दोरी सरकवून पिस्टन वर आणायचा, म्हणजे स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व्ह आत पडत नाही. पण त्यात गाईड नीट तपासता येत नाही, आणि खरा प्रश्न गाईडचाच असतो. गाईड ढिलं झालं की दांडी आत डुलते, आणि डुलणारी दांडी नव्या सीलचं ओठ काही महिन्यांत अंडाकृती करून टाकते. मग ‘सील बदलले, तरी धूर आलाच’ म्हणून लोक परत येतात. हेड खाली आलंच आहे तर गाईडचा खेळ तपासा, व्हॉल्व्ह लॅपिंग (पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घासणं) करा, हेडची पातळी पट्टी लावून बघा, गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट नवे टाका. हेड बोल्ट मधून कडेला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळले जाताहेत ना, ते तिथे उभं राहून बघा. सहा सीलचा सेट काही शे रुपयांत येतो. खर्च मजुरीचा आणि लेथचा. तरीही बोर करण्यापेक्षा तो पुष्कळ कमी.

जुने सील मागून घ्या. नवा सील नखाने दाबला की कानाच्या पाळीसारखा दबतो आणि परत येतो. तुमच्या गाडीतले बहुधा बांगडीच्या तुकड्यासारखे असतील. चिमटीत धरून वाकवले की कडकन मोडतील. साधं नायट्राइल रबर वर्षानुवर्षं उष्णता सोसून असं होतं. विटॉनचे सील मिळाले तर थोडे पैसे जास्त द्या, उष्णतेला ते टिकतात.

तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. १९९५ साली मी उस्तादांकडे होतो. १९८६ची एक मारुती आली, अशीच निळा धूर मारणारी. मी गिऱ्हाइकाला बोर सांगितला, इंजिन खोललं, पिस्टन काढले. उस्तादांनी बॅटरी मारून बोर बघितला आणि माझं मनगट धरून बोट आत फिरवायला लावलं. वरच्या टोकाला नखाला अडेल अशी कड नव्हती. भिंतीवर होनिंगच्या (बोर घासताना पडलेल्या) तिरक्या रेषा अजून स्पष्ट दिसत होत्या. म्हणजे बोर झिजलाच नव्हता. मग त्यांनी हेड उचलून एक इनटेक व्हॉल्व्ह बोटाने हलवला. तो दाढेतल्या हलत्या दातासारखा डुलला. त्या गिऱ्हाइकाकडून खालच्या कामाचा एक पैसा त्यांनी घेतला नाही, तेच पिस्टन परत बसवून नवं गॅस्केट टाकायला मला लावलं आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून कॉम्प्रेशन लिहिलेला कागद हातात आल्याशिवाय मी इंजिन खोलत नाही. तुम्हीही कुणाला खोलू देऊ नका.

भंगाराचं म्हणाल, तर नाही. तपासणी होईपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, मात्र दर रविवारी सकाळी, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी बघा. या इंजिनात ऑइल मावतं साधारण तीन लिटर. त्यातलं एक लिटर कमी झालं आणि तुम्ही घाट चढायला लागलात, तर तेव्हा मात्र खरंच बावीस हजारांचं काम निघेल. ‘धूर बंद’ लिहिलेल्या बाटल्या आणू नका. जाड ऑइल टाकल्याने धूर थोडा कमी दिसेल, पण दगड झालेला सील त्याने मऊ होत नाही. पीयूसीला गाडी अडली आणि हायड्रोकार्बनचा आकडा जास्त आला, तर कार्ब्युरेटर पिळत बसू नका. जळणारं ऑइलही तो आकडा वाढवतं.

प्रश्न : मी इचलकरंजीत डिप्लोमा करतोय. वडिलांच्या जुन्या ओम्नीचं हेड मी आणि मित्राने सुट्टीत उतरवलं. एक आणि तीन नंबरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कोरडे, फिकट तपकिरी आहेत. दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र पाठीकडून ओला, काळा, आणि त्याचा पोर्ट तेलाने चमकतोय. शेजारचे मिस्त्री म्हणतात, ऑइल खालून येतंय, पिस्टन काढ. पिस्टनचा माथा सगळीकडे सारखा काळा आणि कोरडा आहे. सील की रिंग? — एक विद्यार्थी

उत्तर : बाळा, तू पिस्टनचा माथा बघितलास आणि लिहिलास, तिथेच अर्धं उत्तर आलं.

ऑइल कुठून आलं ते त्याच्या वाटेवर लिहिलेलं असतं. खालून, रिंगांवरून आलं असतं तर पिस्टनच्या माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ दिसली असती : मधे काळं कार्बन आणि कडेने बोटभर चकचकीत धातू. व्हॉल्व्हचं तोंड, म्हणजे सिलिंडरात दिसणारी सपाट बाजू, तीही ओली असती. तुझ्याकडे माथा कोरडा, आणि ओलावा व्हॉल्व्हच्या पाठीवर. आता व्हॉल्व्ह न पुसता उजेडात धर आणि दांडी बघ. ओलावा गाईडच्या जागेपासून सुरू होऊन मानेवरून खाली ओघळलेला असेल तर ऑइल वरून आलं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ओला सापडणं ही मुळातच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. चालत्या पेट्रोल इंजिनात त्याचं डोकं सातशे अंशांच्या आसपास तापतं. त्यावर पडलेलं ऑइल जळून कडक पापुद्रा व्हायला हवा. ओलं राहिलं याचे दोनच अर्थ मला दिसतात. एक, इंजिन बंद झाल्यावर ते हळूहळू गळलं आणि पुन्हा जळायची वेळ आली नाही. दोन, तो सिलिंडर नीट पेटतच नव्हता, म्हणून व्हॉल्व्ह थंड राहिला. दुसऱ्या शक्यतेसाठी बोटाला लावून वास घे. पेट्रोलचा वास आला, पातळ लागलं, तर दोन नंबरचा प्लग, वायर आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी आधी बघ. वडिलांना विचार, गाडी आयडलला हिसके देत होती का. इनटेकच्या व्हॉल्व्हचं मात्र वेगळं. तिथला सील गेला तर पाठीवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं काळं कार्बन चढतं, कारण तिकडे उष्णता कमी आणि ऑइल रोज शोषलं जातं.

वास फक्त ऑइलचा असेल तर हेड उलटं करण्याआधी वरच्या बाजूला नजर टाक. कोपऱ्यांत ऑइल खाली परतायची भोकं असतात. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत ती चिखलाने बुजतात, वर डबकं साचतं आणि त्याच्या शेजारचा सील बुडून जातो. तुझ्या दोन नंबरजवळ असं डबकं आहे का? असेल तर भोकं तारेने आणि केरोसिनने साफ केल्याशिवाय नवा सील टाकण्यात अर्थ नाही.

आता गाईड. डायल गेज कॉलेजातून मिळेल. व्हॉल्व्ह बैठकीपासून बोटभर उचलून डोकं आडवं हलव आणि शेजारच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हशी तुलना कर. मायक्रोमीटरने दांडी वर, मधे आणि खाली मोज. अशा छोट्या पेट्रोल इंजिनांत एक्झॉस्ट दांडी आणि गाईडमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, चारपासून सात-आठपर्यंत ठीक समजतात. इनटेकची त्याहून थोडी कमी असते, कारण एक्झॉस्टची दांडी तापून जास्त फुगते. गेज नसेल तर जुनी हाताची परीक्षा कर. दांडीला पातळ ऑइल लाव, गाईडचं वरचं तोंड अंगठ्याने बंद कर आणि व्हॉल्व्ह झटकन बाहेर ओढ. अंगठ्याला ओढ लागून ‘टप्’ असा आवाज आला तर फट ठीक आहे. नुसताच निसटून आला तर गाईड सैल. बहुधा गाईड मधे ठीक आणि दोन्ही टोकांना सनईच्या तोंडासारखं पसरलेलं सापडेल, कारण रॉकर दांडीला नुसतं खाली दाबत नाही, किंचित आडवंही ढकलतो.

गाईड सैल निघालं तर हेड लेथवर दे. जुनं गाईड ठोकून काढून नवं घरी बसवायला जाऊ नकोस, ॲल्युमिनियमचं हेड आहे, तापवून दाबून बसवावं लागतं. आणि क्रम चुकवू नकोस : आधी गाईड, मग बैठक कापणं आणि लॅपिंग, सगळ्यात शेवटी सील. नव्या गाईडचा मध्य केसभर सरकतोच, त्यामुळे जुन्या बैठकीवर व्हॉल्व्ह नीट टेकत नाही. लॅपिंग झाल्यावर पोर्टमध्ये केरोसिन ओत आणि दहा मिनिटं थांब. चेंबरच्या बाजूला ओल पाझरली तर पुन्हा घास. पेस्टचा कण न कण धुऊन काढ, तो गाईडात गेला तर कानशीसारखं काम करतो.

सील बसवताना नव्या पोरांच्या हातून होणारी चूक सांगतो. दांडीच्या टोकाला लॉक बसायची खाच असते, तिची कड पात्यासारखी धारदार असते. सील तिच्यावरून तसाच ढकलला की ओठ चिरतं, वरून दिसतही नाही, आणि पहिल्याच सकाळी धूर हजर. खाचेवर पातळ प्लास्टिकची चिकटपट्टी गुंडाळ, ऑइल लाव, सील बोटांनी खाली सरकव, पट्टी काढ, मग योग्य मापाचा सॉकेट ठेवून तळहाताने दाब. टेकल्याचं हाताला कळतं. हातोडी घेऊ नकोस.

सेटमधले इनटेकचे आणि एक्झॉस्टचे सील वेगवेगळे असले तर मिसळू नकोस. काही जुन्या इंजिनांत तर कंपनीने एक्झॉस्टला सीलच दिलेला नसतो, त्या तापलेल्या दांडीला थोडं ऑइल हवंच असतं म्हणून. अशा ठिकाणी आपलं डोकं चालवून घट्ट सील घातला की दांडी कोरडी पडून अडकते. जिथे जसा होता, तिथे तसाच.

आणि पिस्टन काढू नकोस. शेजारच्या मिस्त्रींना कोरडा माथा दाखव, तेही मान्य करतील.

प्रश्न : डिझेल बोलेरो, बारा वर्षांची. थंडीत सकाळी पांढरट निळा धूर, डोळ्यांत झोंबतो, पाच मिनिटांत जातो. ऑइल कमी होत नाही. व्हॉल्व्ह सील बदलू का? — एक वाचक, जत

उत्तर : नको. ऑइल कमी होत नसेल तर ऑइल जळत नाही. डोळ्यांत झोंबणारा सकाळचा धूर हा न जळलेल्या डिझेलचा. ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) सगळे चालतात का ते बघा, मग इंजेक्टर काढून फवारा तपासायला द्या. तेही ठीक निघालं तर कॉम्प्रेशन मोजा. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवेची झडप मिटत नाही, त्यामुळे वर बाईंना सांगितलेली उताराची परीक्षा तुम्हाला लागू नाही. पुढे कधी ऑइल खरंच उतरायला लागलं तर आधी टर्बोचा (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) हवेचा पाइप काढून आत बोट फिरवा. ऑइल ओघळलेलं असेल आणि शाफ्ट वरखाली हलत असेल तर सीलआधी टर्बो. आणि पट्टीवरची ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालवू नका. ते बहुधा इंजेक्टरमधून खाली उतरलेलं डिझेल असतं, त्याने ऑइल पाण्यासारखं पातळ होऊन बेअरिंग जातात. टोचन लावून गॅरेजात आणा.